नाक्यामागून नाका : विमानप्रवासातील दुसऱ्या झडतीची कुळकथा

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ मध्यंतरी मडगावहून आपल्या कन्येकडे परदेशी जाऊन आले. आयुष्यातील पहिलाच लांबचा विमानप्रवास. गोव्याच्या विमानतळावर त्यांची रीतसर झडती झाली. कमरेचा पट्टा उतरला, खिशातील नाणी आणि चाव्या ताटलीत पडल्या, हातातील पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रातून पलीकडे गेली. पुढे वाटेतील एका परक्या विमानतळावर विमान बदलावयाचे होते. तेथे त्यांनी शहराच्या रस्त्यावर पाऊलसुद्धा टाकले नाही. एका दारातून उतरून दुसऱ्या दारापर्यंत चालत जावयाचे, एवढेच काम. तरीही पुन्हा रांग, पुन्हा ताटली, पुन्हा पट्टा. शिवाय जावईबापूंसाठी निघताना विमानतळावरच्या दुकानातून मोठ्या हौसेने घेतलेली काजूच्या फेणीची बाटली तेथील शिपायाने काढून घेतली ती घेतलीच. परतल्यावर आम्हांस ते म्हणाले, "अहो, एकदा पाहिले होते ना सगळे? मग मधल्या वेळात मी काय आकाशातून हात बाहेर काढून काही उचलून आणले?"

प्रश्न गमतीचा वाटतो. परंतु तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एकदा तपासलेल्या माणसास पुन्हा का तपासावे, एका नाक्याचा शिक्का दुसऱ्या नाक्याने का मानू नये, हा प्रश्न विमानांपेक्षा पुष्कळच जुना आहे. आमच्या या किनाऱ्यावर आणि घाटवाटांवर तो निदान पाचशे वर्षे विचारला जात आहे. आणि विमानाच्या युगात त्याचे जे उत्तर मिळाले आहे, ते कोणा एका अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नसून शेकडो माणसांच्या मृत्यूतून आलेले आहे. त्यांत आपली माणसेही होती. म्हणून ही कुळकथा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

१

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात पाय रोवले, तेव्हा त्यांनी या सागरावर एक विलक्षण हक्क सांगितला. जो कोणी व्यापारी जहाज हाकारील त्याने त्यांचा परवाना घेतला पाहिजे. या परवान्यास 'कार्ताझ' म्हणत. कार्ताझ घेणाऱ्याने कोणता माल न्यावा, कोणता नेऊ नये, कोणत्या पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी, हे सारे ठरलेले असे. परवाना नसलेले जहाज सापडले की ते जप्त. मोगल बादशहांच्या कुटुंबातील यात्रेकरूंनादेखील मक्केच्या वाटेवर हा कागद जवळ बाळगावा लागे.

परंतु कागदाची किंमत कागद देणाऱ्याच्या इमानाइतकीच असते. १६१३ साली जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचे 'रहीमी' नावाचे प्रचंड जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले आणि ते गोव्यास आणले. त्या जहाजापाशी पोर्तुगीजांचाच कार्ताझ होता! स्वतःचा शिक्का स्वतःच मोडणाऱ्यांवर मग कोण विश्वास ठेवणार? या घटनेने मोगल दरबार आणि पोर्तुगीज यांच्यामध्ये उघड वैर पेटले.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर आपले आरमार उभे केले आणि आपल्या दस्तकावाचून या पाण्यातून कोणी जाऊ नये असा अंमल बसविला. इंग्रजांनी आणि पोर्तुगीजांनी तो मानला नाही. त्यांनी कान्होजींस चाचे म्हटले. वास्तविक, कान्होजी जे मागत होते तेच पोर्तुगीज दोनशे वर्षे मागत आले होते. फरक एवढाच, की शिक्का दुसऱ्याचा होता.

जमिनीवरही हीच कथा. १७१७ साली फर्रुखसियर बादशहाने इंग्रज कंपनीस जे फर्मान दिले, त्यान्वये कंपनीचा दस्तक दाखविला की बंगालच्या चौक्यांवर माल अडवू अथवा तपासू नये असे ठरले. सवलत कंपनीच्या मालासाठी होती. परंतु कंपनीचे नोकर आपला खासगी माल त्याच दस्तकाखाली बिनजकाती नेऊ लागले. मीर कासिमने अखेर १७६३ साली सर्वांचीच अंतर्गत जकात माफ करून टाकली, आणि त्या वादाची परिणती लढाईत झाली. एका नाक्याचा शिक्का पुढील नाक्याने डोळे झाकून मानावा, असा करार जेव्हा होतो, तेव्हा शिक्का मारणारा हात स्वच्छ आहे की नाही हे पाहण्याची सोयही त्या करारात असावी लागते. बंगालमध्ये ती नव्हती.

२

गोवेकर वाचकांस याहून जवळचे उदाहरण आठवेल. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये एक तह झाला. त्या तहाने मुरगावपासून घाटापर्यंत रेल्वे बांधण्याचे ठरले आणि त्याचबरोबर गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या सीमेवरील जकातीची भिंत बारा वर्षांपुरती उतरविली गेली. १८८८ मध्ये आगगाडी धावू लागली, तेव्हा सीमेवर माल उलटापालटा करण्याचे कारणच उरले नव्हते. परंतु तहाची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, आणि १८९२ च्या आरंभापासून जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले. घाटमाथ्यावर कॅसलरॉक येथे इंग्रजांचा नाका, घाटाखाली कुळे येथे पोर्तुगीजांचा. दोन्ही स्थानकांमध्ये अंतर ते किती! दूधसागराचा धबधबा डोळे भरून पाहून होतो न होतो तोच प्रवाशाने आपली वळकटी दुसऱ्यांदा सोडावी. बेळगाव–धारवाडकडे सोयरीक असलेल्या गोमंतकीय कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणीत हा सोहळा अजून आहे. १९५५ साली ही वाहतूकच बंद पडली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर नाक्यांचे प्रयोजन संपले.

बारकाईने पाहिले तर या प्रसंगात एक गोष्ट दिसते. गाडी तीच, रूळ तेच, प्रवासी तेच. १८९१ मध्ये ज्याची पेटी उघडली जात नव्हती, त्याचीच १८९२ मध्ये दोनदा उघडली जाऊ लागली. प्रवासी काही एका रात्रीत लबाड झाला नव्हता. दोन सरकारांमधील करार तेवढा संपला होता.

संस्थानी मुलखातून आलेल्या आमच्या वाचकांसही हे नवे नाही. हैदराबादेस निजामाची स्वतंत्र करोडगिरी होती. इतर संस्थानांच्याही आपापल्या जकाती होत्या. संस्थाने विलीन झाली, १९५० च्या राज्यघटनेने देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त असावे असे तत्त्व घातले, आणि एकेक नाका पुसला जाऊ लागला. मुंबई शहराची जकात मात्र थेट १ जुलै २०१७ पर्यंत तग धरून होती. नाका उभारणे एका हुकमाचे काम. तो उठविण्यास पिढ्या लागतात.

३

विमान आले तेव्हा लोकांस वाटले, आकाशात नाके कसले? परंतु १९४४ साली शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमात असे मान्य केले आहे, की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. म्हणजे जमिनीवरच्या सीमा जशाच्या तशा वर चढविल्या गेल्या. तरीही आरंभीच्या काळात प्रवाशाची झडती घेण्याची कल्पना कोणास सुचली नव्हती. जकातीचा कारकून पेटी पाहील, आरोग्याधिकारी देवीचा दाखला मागेल. परंतु खिशात काय आहे हे कोणी विचारीत नसे.

१६ जुलै १९४८ रोजी मकाव येथून हाँगकाँगकडे 'मिस मकाव' नावाचे एक छोटे जल-विमान निघाले. विमानातील धनिक प्रवाशांस लुटण्याच्या हेतूने चार इसमांनी पिस्तुले काढली. झटापटीत वैमानिक मारला गेला आणि विमान समुद्रात कोसळले. २६ जणांपैकी एकच वाचला, आणि तो लुटारूंपैकीच एक होता. पुढे जे घडले ते त्याहून बोधप्रद आहे. मकावच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी म्हटले, विमानाची नोंद हाँगकाँगची, तेव्हा खटला तेथे चालावा. हाँगकाँगच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी म्हटले, गुन्हा आमच्या हद्दीत घडलेला नाही. अखेर १९५१ साली त्या इसमास खटल्यावाचूनच सोडून देण्यात आले. आकाशातील गुन्ह्याचा न्याय कोणी करावयाचा याचे उत्तर देणारा टोकियो करार १९६३ साली झाला.

आणि मग १९५५ चे एप्रिल उजाडले. बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. त्या परिषदेस जाणारे चिनी व व्हिएतनामी प्रतिनिधी आणि काही पत्रकार यांना नेण्यासाठी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून हाँगकाँग येथे गेले. तेथून ११ एप्रिल रोजी ते जाकार्ताकडे निघाले. प्रवासी ११, कर्मचारी ८. कप्तान होते दामोदर काशिनाथ जतार. सुमारे पाच तासांनी, दक्षिण चिनी समुद्रावर असता, विमानाच्या उजव्या बाजूस स्फोट झाला आणि पंखास आग लागली. कप्तान जतारांनी संकटाचे संदेश पाठविले. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांस जीवरक्षक जाकिटे वाटली आणि संकटकालीन दारे उघडली. जळते विमान समुद्रावर उतरविण्याचा प्रयत्न झाला. १६ जण मरण पावले. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि अभियंता अनंत कर्णिक हे तिघेच वाचले. कप्तान जतार गेले, हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी गेल्या. या कर्मचाऱ्यांचा अशोकचक्राने गौरव झाला. हा मान मिळविणारे ते पहिले नागरी लोक. कर्णिकांनी आपला अनुभव पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवला.

चौकशीत निष्पन्न झाले, की विमानाच्या चाकांच्या खोबणीत कालबाँब ठेवला गेला होता, आणि तो हाँगकाँगच्या मुक्कामात ठेवला गेला होता. संशय होता तेथील विमानतळावर साफसफाई करणाऱ्या एका कामगारावर. तो काही आठवड्यांत तैवानला निसटला. चिनी पंतप्रधान चौ एन-लाय यांचा घात करण्याचा तो कट होता असे मानले जाते. ते त्या विमानात नव्हते.

मुंबईहून विमान निघाले तेव्हा ते निर्दोष होते. मुंबईत कोणी हजार वेळा तपासले असते तरी त्यात काही सापडले नसते. घात झाला तो मधल्या मुक्कामात. आमच्या गृहस्थांनी जो प्रश्न विचारला, "मधल्या वेळात काय झाले असणार?", त्याचे पहिले भीषण उत्तर आपल्याच देशाच्या विमानाने, जतार आणि कर्णिक अशी आपल्या ओळखीची आडनावे असलेल्या माणसांनी, असे दिले आहे.

४

तथापि प्रवाशांच्या सरसकट झडतीस याहीनंतर बराच अवकाश होता. साठीच्या दशकाच्या अखेरीस विमाने पळविण्याची साथच पसरली. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे विमान श्रीनगरहून जम्मूस जाताना पळवून लाहोरला नेले गेले आणि तेथे जाळण्यात आले. पळविणाऱ्यांपाशी होते काय? एक खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडाचा बनविलेला हातगोळा! साधी झडती झाली असती तर ही शोभा टळली असती. अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातसामानाची तपासणी सक्तीची झाली. पुढच्याच वर्षी, २२ मार्च १९७४ रोजी, आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने शिकागो कराराचे सतरावे परिशिष्ट संमत केले. विमानांच्या सुरक्षिततेचे जगभराचे धर्मशास्त्र म्हणावयाचे तर ते हेच.

परंतु पहिला नाका उभा राहिला तेवढ्याने काम भागले नाही. २७ जून १९७६ रोजी एअर फ्रान्सचे एक विमान तेल अवीवहून पॅरिसला निघाले. तेल अवीवची तपासणी कडक म्हणून विख्यात. वाटेत विमान अथेन्सला थांबले आणि तेथे आणखी ५८ प्रवासी चढले. त्यांपैकी चौघे विमान पळविण्यासाठीच आले होते. आखाताकडून दुसऱ्या विमानाने ते अथेन्सला उतरले होते आणि विमान बदलणारे प्रवासी म्हणून या विमानात शिरले. अथेन्सची तपासणी त्या काळी ढिली होती. विमान युगांडातील एन्टेबे येथे नेले गेले आणि ओलिसांच्या सुटकेसाठी इस्राएली सैनिकांस ४ जुलैच्या पहाटेपूर्वी तेथे धाड घालावी लागली. तेल अवीवचा नाका कितीही बळकट असला तरी अथेन्सचा नाका दुबळा असल्यामुळे संपूर्ण विमानाची सुरक्षितता अथेन्सइतकीच उरली.

त्याच वर्षी सप्टेंबरात आपलेही एक विमान दिल्लीहून निघाल्यावर पळविले जाऊन लाहोरला नेले गेले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा एक स्वतंत्र कक्ष सरकारने स्थापिला. १ एप्रिल १९८७ रोजी त्यास स्वतंत्र खात्याचे रूप मिळाले. मधल्या काळात जे घडले त्याचा उल्लेख करताना लेखणी जड होते.

५

२२ जून १९८५ रोजी कॅनडाच्या व्हँकूव्हर विमानतळावर एक इसम आला. त्याला तेथून टोरोंटोपर्यंतचे विमान होते. पुढील एअर इंडियाच्या विमानातील त्याची जागा निश्चित झालेली नव्हती. तरी आपली पेटी थेट पुढच्या विमानात चढविण्याची चिठ्ठी तिच्यावर लावावी, असा त्याने हट्ट धरला. खिडकीवरील कर्मचारी बाईंनी आधी नकार दिला. मागे रांग खोळंबली होती, अखेर त्यांनी ऐकले. पेटी गेली, तो इसम मात्र विमानात बसलाच नाही. टोरोंटोस क्ष-किरणांचे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले आणि उरलेले सामान हातातील एका कुचकामी उपकरणाने तपासले गेले. दुसऱ्या दिवशी, २३ जून रोजी, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकवर 'कनिष्क' विमान फुटले. ३२९ जण गेले. बहुतेक कॅनडाचे नागरिक, बहुतेक भारतीय वंशाचे; सुट्टीत आजोळी निघालेली कितीतरी लहान मुले त्यांत होती.

त्याच कटातील दुसरी पेटी व्हँकूव्हरहूनच टोकियोच्या नारिता विमानतळावर पोहोचली होती. तेथून ती एअर इंडियाच्या बँकॉकला जाणाऱ्या विमानात चढवावयाची होती. एका विमानातून दुसऱ्या विमानात सामान नेत असतानाच तिचा स्फोट झाला आणि सामान वाहणारे दोन जपानी कामगार ठार झाले. दोन्ही पेट्यांनी एकच फट हेरली होती : विमान बदलण्याची जागा. पहिल्या नाक्यावर चिठ्ठी लागली, की पुढचा नाका चिठ्ठी पाहतो, पेटी पाहत नाही. बंगालच्या दस्तकाचीच ही गोष्ट, परंतु किती पटींनी दारुण!

या घटनेनंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांची जोडी जुळल्यावाचून विमान हलू नये, हा नियम जगभर मान्य होऊ लागला. तो सर्वत्र पाळला जाण्यास मात्र वेळ लागला. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅमचे विमान कोसळले; विमानातील २५९ आणि जमिनीवरील ११ जण मेले. ती बाँबची पेटी माल्टाहून फ्रँकफुर्ट आणि तेथून लंडन अशी विमाने बदलत, सोबत प्रवासी नसताना आली, असा निष्कर्ष स्कॉटिश न्यायालयाने २००१ साली काढला.

दरम्यान, ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीस थांबले असता, विमानतळाच्या रक्षकांचा पोशाख केलेले सशस्त्र इसम गाडीतून थेट विमानापाशी आले. त्या प्रसंगी नीरजा भनोत या तरुण हवाईसुंदरीने प्रवाशांस वाचविताना प्राण दिला. ग्लोरिया बेरी यांच्याप्रमाणेच नीरजाचाही अशोकचक्राने मरणोत्तर गौरव झाला. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९८७ रोजी, बगदादहून सोलकडे निघालेले कोरियन विमान अंदमानच्या समुद्रावर नष्ट होऊन ११५ जण गेले. उत्तर कोरियाचे दोन हस्तक त्यात बसले होते. अबुधाबीच्या थांब्यावर ते उतरून गेले, आणि डोक्यावरच्या फळीत आपले सामान तेवढे ठेवून गेले. आपल्याकडे एखादे विमान वाटेत थांबून पुढे जाणार असले, तर बसून राहिलेल्या प्रवाशांस आपापले हातसामान ओळखून दाखविण्यास सांगतात. कित्येकांस तो निव्वळ उपचार वाटतो. तो उपचार नव्हे.

६

आता आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. नियम असा आहे, की ज्या देशातून विमान उडते त्या देशावर त्या उड्डाणाची जबाबदारी. गोव्याहून निघणाऱ्या विमानाची जबाबदारी भारताची. मधल्या विमानतळावरून निघणाऱ्या दुसऱ्या विमानाची त्या मधल्या देशाची. जो उत्तरदायी, तो आपल्या डोळ्यांनी पाहू इच्छितो. सतराव्या परिशिष्टाचा या विषयीचा आशय थोडक्यात असा, की विमान बदलणाऱ्या प्रवाशाची पुन्हा तपासणी करावी. मात्र उगमाच्या ठिकाणी योग्य दर्जाची तपासणी झाली आहे आणि तेथपासून पुढे प्रवासी व त्याचे सामान अखंड राखणीत राहिले आहे, याची दोन्ही देशांनी मिळून खातरजमा करण्याची कायमची व्यवस्था असेल, तर दुसरी तपासणी सोडता येते. याशिवाय तपासलेले आणि न तपासलेले प्रवासी एका दालनात मिसळले, तर सर्वांसच पुन्हा नाक्यातून जावे लागते. आपल्या आजीच्या सोवळ्याची ज्यांस आठवण आहे त्यांस हे तत्त्व समजावून सांगावयास नको : एकदा शिवाशिव झाली की स्नान नव्याने.

ही सवलत कागदावरच राहिलेली नाही. युरोपीय संघाच्या देशांत एका विमानतळावर झालेली तपासणी दुसऱ्याने मानावयाची, अशी पद्धत आहे. २०११ पासून अमेरिकेहून येऊन युरोपात विमान बदलणाऱ्यांसही तिचा लाभ मिळू लागला. उलट अमेरिकेत उतरणाऱ्या परदेशच्या प्रवाशास आपले सामान उचलून, जकातीतून जाऊन, पुन्हा झडती द्यावी लागते, ही सर्वसाधारण रीत. मात्र काही परदेशी विमानतळांवर अमेरिकेचे अधिकारी स्वतःच जाऊन बसतात आणि प्रवासी निघण्यापूर्वीच प्रवेशाची व जकातीची तपासणी उरकतात. टोरोंटो येथे ही प्रथा १९५२ पासून आहे. कॅसलरॉकचा कारकून कुळ्यास नेऊन बसविला तर दुसरा नाका उरत नाही, इतके ते सोपे आहे. आपल्याकडेही परदेशाहून मुंबईस अथवा दिल्लीस उतरून पुढे इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाकडे, ग्वाल्हेरकडे वा बेळगावच्या सांबऱ्याकडे जाणाऱ्यास देशांतर्गत विमानासाठी दुसरी झडती सहसा चुकत नाही.

परंतु दुसरी झडती म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असेही कोणी समजू नये. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी बोस्टनहून निघालेले एक विमान न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतीवर आदळविले गेले. ते पळविणाऱ्यांपैकी दोघे त्याच सकाळी पोर्टलंडहून दुसऱ्या विमानाने बोस्टनला आले होते. त्या काळी अमेरिकेच्या विमानांत लहान पात्याचे चाकू नेण्यास मनाईच नव्हती. नियमातच भोक असले, तर दहा नाक्यांनीही ते बुजत नाही.

आणि फेणीची बाटली? २००६ च्या ऑगस्टमध्ये, पेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमाने उडविण्याचा कट इंग्लंडमध्ये उघडकीस आला. त्यानंतर हातसामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या पात्रातील द्रव पदार्थ नेण्यास बंदी झाली. युरोपीय संघात हा नियम ६ नोव्हेंबर २००६ पासून लागू झाला. विमान बदलणाऱ्यांची त्यात मोठी पंचाईत झाली, कारण पहिल्या विमानतळावरच्या दुकानात कायदेशीरपणे घेतलेली बाटली दुसऱ्या विमानतळावर बेकायदेशीर ठरू लागली. यावर तोडगा म्हणून मोहोरबंद पिशवी आली. पावती आत दिसेल अशा रीतीने दुकानदार बाटली पिशवीत घालून बंद करतो. ती उघडली की उघडल्याची खूण उमटते. जेथे ही पिशवी मानतात, तेथेही ती न उघडलेलीच असावी लागते. आमच्या गृहस्थांस आम्ही खोदून विचारले, तेव्हा कळले, की विमानात शेजारच्या प्रवाशास गावच्या फेणीची चिठ्ठी दाखविण्यासाठी त्यांनी पिशवी फोडली होती! ती पिशवी म्हणजेच आजचा दस्तक होता, आणि तो त्यांनी आपल्याच हाताने मोडला होता. हे त्यांस कोणी आधी सांगितले नव्हते, एवढे मात्र खरे. आणि दोष द्यावयाचाच तर या न सांगण्यास द्यावा.

म्हाताऱ्या माणसास दोन-दोनदा पादत्राणे उतरवावी लागावीत, परक्या भाषेत हुकूम ऐकावे लागावेत, यात कोणासही आनंद नाही. शिपायाने सौजन्याने वागावे, रांगेत वृद्धांसाठी बाक असावा, काय न्यावे आणि काय नेऊ नये हे निघतानाच प्रवाशास त्याच्या भाषेत समजावे, या मागण्या आपण केल्याच पाहिजेत. त्या सुरक्षिततेच्या आड येत नाहीत. परंतु दुसरा नाका सरसकट उठवा, ही मागणी करण्यापूर्वी व्हँकूव्हरच्या खिडकीवरील त्या खोळंबलेल्या रांगेची आठवण ठेवावी. नाका उठतो तो केवळ कंटाळ्याने उठू नये. मुरगावच्या रेल्वेच्या वेळी झाला तसा दोन सरकारांत उघड करार व्हावा, आणि बंगालच्या दस्तकात जी नव्हती ती एकमेकांचे काम पाहण्याची सोय त्यात असावी. तसे होईल त्या दिवशी आमचे गृहस्थ एका दारातून उतरून दुसऱ्या दारात सुखाने शिरतील.

तूर्त त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याचे योजिले आहे. बाटली या खेपेस मोठ्या पेटीत, कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवावी, असा सल्ला आम्ही त्यांस दिला आहे. आणि पट्टा दोनदा उतरविण्याची वेळ आली, तर कप्तान जतारांचे नाव मनात आणून तो उतरवावा, असेही सांगितले आहे.